कार्ब्युरेटरखालची फळी

उलथन्याला लाकडी मूठ का, हे स्वयंपाकघरात कुणी विचारत नाही. तेच लाकूड मोटारीच्या इंजिनावर चढले की मात्र त्याला जुगाड म्हणतात. अमेरिकेतले हौशी मेकॅनिक पेट्रोल-हवेचे मिश्रण करणारा कार्ब्युरेटर आणि ते इंजिनात नेणारा मॅनिफोल्ड यांच्यामध्ये घरी कापलेला लाकडी स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी फळी, बसवत आले. तो निव्वळ काटकसरीचा उपाय वाटतो. पण त्याचे आणि कारखान्यातल्या स्पेसरचे कूळ एकच आहे. मुळात अडचण खरी होती. तिथल्या अनेक व्ही-८ इंजिनांत थंडीत पेट्रोलची वाफ नीट व्हावी म्हणून एक्झॉस्टची एक वाट मुद्दाम कार्ब्युरेटरखालून काढलेली असे. उन्हाळ्यात ही सोय अंगाशी येई. तापलेले इंजिन बंद केले की धातूतली उष्णता वर चढते आणि ४० अंश सेल्सियसच्या आसपास उकळू लागणारे पेट्रोलचे हलके घटक कार्ब्युरेटरमध्येच बुडबुडे काढू लागतात. मग गाडी सुरू होता होत नाही. यावर लोक पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटेही लावत. त्यांचा गुण शंकास्पदच, कारण दोन चिमट्यांमधली नळी उघडीच राहते. स्पेसर मात्र उष्णतेच्या वाटेतच आडवा पडतो, आणि अ‍ॅल्युमिनियम लाकडाच्या शेकडो पट उष्णता वाहून नेते.

यावर पहिला आक्षेप ताकदीचा, म्हणजे स्पेसरमुळे आत जाणारी हवा थंड राहून इंजिनाची ताकद वाढते या दाव्यावरचा. हवा ३ अंशांनी थंड झाली की साधारण १ टक्का दाट होते, हे खरे. पण इंचभर जाडीच्या स्पेसरच्या भोकातून क्षणात निघून जाणारी हवा तेवढ्यात कितीशी तापणार? तेव्हा अश्वशक्तीचे दावे जपूनच घ्यावेत. स्पेसरचे खरे काम पेट्रोल थंड ठेवणे. दुसरा आक्षेप आगीचा. मॅनिफोल्डचा माथा लाकूड कोळपण्याइतका सहसा तापत नाही. खरी भीती फुगण्याची आणि दबण्याची. पेट्रोल-पाणी प्यायलेली, बोल्टखाली चेपलेली फळी फटीतून हवा ओढू देते आणि इंजिन अडखळते. म्हणून जाणकार गॅस्केटवरून आकार उतरवून प्लायवुड कापतो, भोकांच्या आतल्या कडांनाही रेझिन पाजतो आणि दोन्ही बाजूंना गॅस्केट घालतो. कारखान्याने वेगळे काय केले? लिओ बेकलंड यांना १९०९ मध्ये बेकलाइटचे पेटंट मिळाले. त्याच जातीच्या रेझिनमध्ये कागदाचे किंवा कापडाचे थर भिजवून, तापवून दाबले की फिनॉलिकची पाटी होते आणि तिच्यातून विकतचा स्पेसर कापतात. कागदाच्या पाटीत तर तंतूही लाकडाचाच. दाब आणि भट्टी तेवढी कारखान्याची.