नव्या संगणकातील मेमरीचा वाढीव वापर

नव्या संगणकातील मेमरीचा वाढीव वापर म्हणजे नुकताच घेतलेला डेस्कटॉप संगणक सुरू केल्यावर, कोणतेही मोठे काम चालू नसतानाही त्याच्या रॅमचा बराच हिस्सा व्यापलेला दिसणे. ८ जीबी रॅम असलेल्या विंडोज ११ संगणकावर हा आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या घरात असणे सर्रास आढळते. बहुतेक वेळा तो बिघाड नसतो. संगणक परत करणे, जादा रॅम विकत घेणे किंवा ‘मेमरी साफ करणारी’ सॉफ्टवेअरे बसवणे हे निर्णय मात्र अनेकदा या एकाच आकड्यावरून घेतले जातात.

‘मेमरी’ शब्दाचे दोन अर्थ

बोलताना ‘मेमरी भरली’ असे म्हटले जाते तेव्हा छायाचित्रे, चित्रफिती व कागदपत्रे साठवण्याची जागा अभिप्रेत असते. ही जागा हार्ड डिस्क किंवा एसएसडीवर असते आणि वीज गेली तरी तेथील मजकूर टिकतो. रॅम याहून वेगळी आहे. प्रोसेसर ज्या माहितीवर प्रत्यक्ष काम करतो ती रॅममध्ये असते व वीज बंद होताच नाहीशी होते. साठवण म्हणजे वाचनालयातील कपाटे आणि रॅम म्हणजे वाचकापुढील मेज, असे म्हटल्यास हा भेद ध्यानात येतो. जुनी छायाचित्रे काढून टाकल्याने कपाट मोकळे होते, मेज नव्हे. जाहिरातींत ‘८ जीबी / ५१२ जीबी’ असे दोन्ही आकडे शेजारी छापले जातात, हेही या घोटाळ्याचे एक कारण असावे.

पार्श्वभूमी

रॅमची टंचाई हा संगणकशास्त्रातील जुना प्रश्न आहे. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली कार्यान्वित झालेल्या अ‍ॅटलस संगणकाची मुख्य स्मृती १६,३८४ शब्दांची होती. तिच्या जोडीला चुंबकीय ड्रम होते आणि प्रोग्रामला हे सर्व मिळून एकच सलग स्मृती असल्याचे भासत असे. हीच आभासी स्मृतीची कल्पना. स्मृतीचे समान आकाराच्या ‘पृष्ठांत’ विभाजन करून, तूर्त नको असलेली पृष्ठे संथ साठवणीत हलवायची व लागतील तेव्हा परत आणायची, ही पद्धत आजही चालू आहे. इंटेल व एएमडी प्रोसेसरांवर पृष्ठाचा मूळ आकार ४ किलोबाइट असतो.

पीटर डेनिंग यांनी १९६८ साली ‘कार्यसंच’ ही संकल्पना मांडली. कोणताही प्रोग्राम दिलेल्या काळात आपल्या सर्व पृष्ठांना हात लावत नाही, काहींनाच लावतो. चालू प्रोग्रामांची ही नित्य लागणारी पृष्ठे रॅममध्ये मावली तर काम सुरळीत चालते. ती मावेनाशी झाली की पृष्ठांची ने-आण करण्यातच संगणकाचा वेळ जातो. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. रॅम पुरेशी आहे की नाही याचा निकष आजही हाच आहे, टक्केवारी नव्हे.

आकड्याचा अर्थ

रिकामी पडून असलेली रॅम कोणतेही काम करत नाही. म्हणून आधुनिक संचालन प्रणाली एकदा वाचलेल्या फायली रॅममध्येच राहू देतात. त्या पुन्हा लागल्यास डिस्ककडे जावे लागत नाही, आणि दुसऱ्या कामाला जागा हवी झाल्यास त्या तत्काळ सोडून देता येतात. लिनक्समध्ये या साठ्यामुळे ‘मोकळी’ स्मृती नगण्य दिसत असे व वापरकर्ते घाबरत. खरोखर किती स्मृती उपलब्ध होऊ शकते याचा स्वतंत्र अंदाज लिनक्सच्या कर्नलने २०१४ पासून देण्यास सुरुवात केली. अ‍ॅपलने २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीत टक्केवारीऐवजी ‘मेमरी प्रेशर’, म्हणजे स्मृतीवरील ताण, दाखवणारा आलेख आणला. तो प्रश्नाच्या अधिक जवळ जाणारा आहे.

विंडोजबाबत एक चुकीचे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. विंडोज व्हिस्टापासून आलेली सुपरफेच ही सेवा (पुढे तिचे नाव सिसमेन झाले) नेहमीचे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवते हे खरे. परंतु टास्क मॅनेजर असा साठा ‘उपलब्ध’ स्मृतीत धरतो, ‘वापरात’ धरत नाही. तेथे दिसणाऱ्या ५० टक्क्यांची कारणे त्यामुळे अन्यत्र शोधावी लागतात.

नव्या संगणकातील कारणे

पहिले कारण रॅमच्या मुबलकतेचेच आहे. रॅमची चणचण भासली की विंडोज प्रोग्रामांकडील न लागणारी पृष्ठे काढून घेते. १६ जीबीच्या संगणकावर ती वेळ क्वचितच येते. परिणामी तेच प्रोग्राम ४ जीबीच्या जुन्या संगणकापेक्षा नव्यावर अधिक जागा व्यापताना दिसतात.

याखेरीज उत्पादकाने आधीच बसवलेले व संगणकासोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्राम असतात. पहिल्या काही दिवसांत अद्यतने उतरवणे, शोधासाठी फायलींची सूची करणे व विषाणूतपासणी ही कामेही पडद्यामागे चालतात. ती आटोपल्यावर आकडा थोडा उतरतो. ब्राउझर हा मोठा वाटेकरी होय. क्रोमने २००८ पासून वेगवेगळ्या टॅबसाठी वेगळ्या प्रक्रिया चालवण्याचे धोरण स्वीकारले. २०१८ मध्ये सुरक्षिततेसाठी प्रत्येक संकेतस्थळ वेगळे ठेवण्यात आले, तेव्हा मेमरीचा वापर सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढल्याचे गूगलनेच नमूद केले होते.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात रॅमचा काही भाग चित्रदर्शनासाठी राखून ठेवला जातो. टास्क मॅनेजर तो ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ म्हणून दाखवतो. तो काहीशे मेगाबाइट असल्यास काळजीचे कारण नाही. १६ जीबी विकत घेऊन ८ जीबीच वापरण्याजोगी दिसत असेल, तर मात्र रॅमची पट्टी खाचेत नीट बसलेली नसण्याची किंवा सदोष असण्याची शक्यता असते आणि विक्रेत्याकडे तक्रार करणे योग्य ठरते.

खरी अडचण

‘उपलब्ध’ स्मृती शून्याकडे झुकणे, डिस्क सतत व्यग्र राहणे आणि एका खिडकीतून दुसरीत जाताना पडदा अडखळणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास रॅम अपुरी आहे असे समजावे. टास्क मॅनेजरमधील ‘कमिटेड’ या नोंदीत दोन संख्या असतात: प्रोग्रामांना कबूल केलेली स्मृती आणि तिची कमाल मर्यादा. पहिली संख्या दुसरीला भिडू लागली की प्रोग्राम बंद पडू लागतात.

मेमरी-गळती हा निराळा दोष आहे. एखादा प्रोग्राम स्मृती मागत राहतो पण परत करत नाही. आकडा तासागणिक चढतच जातो. गळती एखाद्या ड्रायव्हरमध्ये असल्यास प्रक्रियांच्या यादीत दोषी दिसत नाही, फक्त ‘नॉन-पेज्ड पूल’ फुगतो. नव्या संगणकात नवे, पुरेसे न पारखलेले ड्रायव्हर असल्याने हे घडू शकते. अशा वेळी ‘शट डाउन’ करून उपयोग होईलच असे नाही. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ सोयीमुळे कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते व संगणक पुन्हा सुरू करताना तीच परत आणली जाते. ‘रीस्टार्ट’ केल्यास मात्र सर्व नव्याने सुरू होते.

उपाय

अनावश्यक प्रोग्राम काढून टाकणे, आपोआप सुरू होणाऱ्यांना मज्जाव करणे आणि ड्रायव्हर अद्ययावत ठेवणे एवढे बहुधा पुरते. ‘मेमरी क्लीनर’ सॉफ्टवेअरे प्रोग्रामांची पृष्ठे बळेच रॅमबाहेर काढतात. आकडा खाली येतो खरा, पण तीच पृष्ठे क्षणात परत आणावी लागल्याने संगणक मंदावतो. पृष्ठ-फाइल बंद करण्याचा सल्लाही घातक आहे, कारण त्यामुळे कबुलीची कमाल मर्यादा घटते. नित्याच्या कामात वरील तिन्ही लक्षणे कायम राहत असतील तरच रॅम वाढवावी. खरेदीपूर्वी मदरबोर्डवर मोकळी खाच आहे का आणि तो डीडीआर४ की डीडीआर५ प्रकारची रॅम स्वीकारतो, हे पाहावे लागते. या दोन प्रकारांच्या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत.