वडापावचा हिशेब आणि हेलिकॉप्टरचा

१९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या घटनापत्रकात राजकीय पक्षांना देणग्या देण्याची सोय करून घ्यायची होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी दुरुस्तीला आडकाठी केली नाही; पण यात लोकशाहीला मोठा धोका आहे, असे बजावून संसदेने लक्ष घालावे, असे निकालात नमूद केले. पक्षनिधीच्या अभ्यासात नव्याने शिरणाऱ्याने हा निकाल आधी वाचावा.

पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. २०१३ च्या कंपनी कायद्यातली साडेसात टक्के नफ्याची मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकली गेली. पाठोपाठ निवडणूक रोखे आले आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. पुष्कळ अभ्यासक या सनावळीतच रमतात. मला अंमलबजावणी जास्त बोलकी वाटते.

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे. चहा, वडापाव, खुर्ची, मांडव यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात. सभेचे चित्रीकरण होते. उमेदवाराच्या नोंदवहीशी ताडून पाहायला यंत्रणा स्वतःची वेगळी नोंदवही ठेवते. खुर्च्यांचा आकडा जुळला नाही की नोटीस. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही, तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. त्याच सभेला पक्षाचा स्टार प्रचारक हेलिकॉप्टरने उतरला, तर तो प्रवास मात्र पक्षाच्या खाती, आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही! १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरला होता. त्याच वर्षी कायदा बदलून ती वाट बंद करण्यात आली.

पक्षांवर अंकुश ठेवायचा, तर कागद एकाकडे आणि काठी दुसऱ्याकडे. २० हजारांवरच्या देणग्यांची यादी निवडणूक आयोगाकडे जाते; ती दिली नाही तर करसवलत काढायची आयकर खात्याने. नियम मोडले एवढ्यावरून पक्षाची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले.

विद्यार्थ्यांनी हे पुस्तक वाचताना आयोगाकडे येणारा, देणग्यांच्या या यादीचा फॉर्म २४अ शेजारी ठेवावा. बहुजन समाज पक्षाने २० हजारांवरची एकही देणगी मिळाली नसल्याचे वर्षानुवर्षे कळवले आहे. असे निवेदन पडताळायचे कोणी आणि कोणत्या कागदांवरून, याचा शोध पहिल्या प्रकरणापासून सुरू होतो.