डोंगराच्या सावलीतला फोटो

गावच्या घरात पडवीतून माजघरात जाताना उजव्या हाताला आतेचा फोटो आहे. काळा-पांढरा, वीतभर. आते पायरीवर बसली आहे, हात मांडीवर, डोक्यावर पदर नाही. ती हसत नाही, पण आता हसेल असं वाटतं. पाहुणे विचारतात, "कुठल्या स्टुडिओतला हो?" मी सांगतो, स्टुडिओतला नाही, भांडुपच्या डोंगरावरचा. १९७३ सालचा. त्यामागे एक अपमान आहे आणि काकाचा एक हट्ट आहे.

आम्ही टेंभीपाड्यात राहायचो. तेव्हाचं भांडुप म्हणजे निम्मं कोकणच. खाली रेल्वे, त्यापलीकडे मिठागरं आणि खाडी, इकडे हमरस्त्याच्या कडेने कारखाने, आणि मागे चढत गेलेला डोंगर. डोंगराच्या अंगावर कौलाच्या, पत्र्याच्या चाळी. एकेका चाळीत निम्मा गाव. कुणाचा भाऊ, कुणाचा मेव्हणा, कुणाचा नुसताच वाडीतला. शिमगा, गणपती आला की अख्खी चाळ रिकामी व्हायची. बाकीचं वर्षभर गावाशी नातं टिकायचं ते पत्राने, मनीऑर्डरीने आणि फोटोने.

फोटो म्हणजे मुख्यतः 'दाखवायचा फोटो'. मुलगी लग्नाची झाली की तिला नेसवून, नटवून स्टुडिओत न्यायचं. तीन प्रती काढायच्या. एक गावी, एक मध्यस्थाकडे, एक घरात. परत येतील त्या पुढच्या स्थळाला. एकच फोटो चार-पाच घरं फिरून यायचा, कोपरे दुमडलेला, कधी मागे शाईने कुणीतरी हिशेब केलेला.

माझी आते गावाहून स्थळासाठीच भांडुपला आली होती. रंगाने सावळी. सावळी हा शब्द आम्ही वापरायचो, गाव काळीच म्हणायचं. काकाने तिला एका स्टुडिओत नेलं. नाव सांगत नाही, त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, तो धंद्याची रीत पाळत होता. दोन मोठे दिवे तोंडावर, मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर कारंजं. आठवड्याने फोटो आला. फोटोतली मुलगी गोरी होती. नाकाची बाजू गुळगुळीत, हनुवटीवरचा देवीचा व्रण नाहीसा. आजी खूष झाली. आते फोटो बघून एवढंच म्हणाली, "ही कोण?"

पुढचं व्हायचं ते झालं. मंडळी बघायला आली. फोटो आधीच पोचला होता. आते पोहे घेऊन बाहेर आली आणि मुलाच्या आईने सगळ्यांसमोर विचारलं, "फोटोतली ती खंयची? हीच काय ती?" कुणी काही बोललं नाही. मी नऊ वर्षांचा होतो, कोपऱ्यात बसलो होतो. बशा वाजल्याचा आवाज अजून कानात आहे.

त्या वेळी मला वाटलं, स्टुडिओवाल्याने फसवलं. पुढे जुन्या फोटोंबद्दल वाचत गेलो तेव्हा कळलं की हे फसवणं त्या एका दुकानाचं नव्हे, शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे, आणि त्यात निम्मा वाटा रसायनाचा आहे.

फोटोची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली आणि बघता बघता मुंबईत आली. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड आपल्याला माहीत असतात, त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर, आणि मुंबईतल्या पहिल्या देशी फोटोग्राफरांपैकी एक. दुसरे हरिश्चंद्र चिंतामण, त्यांनी तर स्टुडिओच थाटला. म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ ला, आणि मुंबईचा माणूस कॅमेऱ्यासमोर बसू लागला तोही त्याच चार-दोन वर्षांत. त्या रेल्वेची कल्पना सरकारचे मुख्य इंजिनीअर जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली भांडुपला आले असताना सुचली, असं सांगतात. आमच्या गावाला इतिहासात एवढी एक ओळ मिळाली आहे, ती मी सोडत नाही.

तेव्हा विजेचा दिवा नव्हता. फोटो काढायचा तो सूर्याच्याच उजेडात. काचेला रसायन लावायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, उजेड दाखवायचा आणि वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. मुंबईच्या उकाड्यात ही घाई किती होत असेल! बसणाऱ्याला कित्येक सेकंद पुतळ्यासारखं राहावं लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. जुन्या फोटोंतली माणसं रागावलेली दिसतात ती रागाने नव्हे, त्या चिमट्याने.

स्टुडिओ वरच्या मजल्यावर असायचा आणि त्याच्या छताला, भिंतीला उत्तरेकडून काच. उत्तरेचा उजेड थेट उन्हाचा नसतो, आभाळाचा असतो, म्हणून मऊ. विलायतेत हे बारा महिने ठीक. मुंबईत मात्र सूर्य मेच्या मध्याला बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीला परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. म्हणजे ते अडीच महिने भर दुपारी ऊन उत्तरेच्या काचेतूनच आत यायचं. पुस्तकातली युक्ती इथे उलटी पडायची. मग पांढरे पडदे ओढायचे आणि उरलेलं काम पावसाळ्यावर सोपवायचं.

आता रसायनाची गोष्ट. त्या काळच्या काचेला फक्त निळा उजेड दिसायचा. तांबडा, तपकिरी तिला काळाच. आपल्या लोकांची कातडी तपकिरी, तिच्यात तांबूसपणा. त्यामुळे सावळा माणूस काचेवर कोळशासारखा उमटे, आणि गहू रंगाचा सावळा. बसणाऱ्याला ते आवडेना. त्यावर दोन उपाय निघाले. एक, तोंडाला पांढरी पावडर. दुसरा, निगेटिव्हवर शिसपेन्सिल. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. तिथे पेन्सिलीने गडद केलं की कागदावर ती जागा उजळते. सुरकुती, व्रण, डोळ्याखालची काळी, सगळं पेन्सिलीने भरून काढायचं. या कामाला 'टचिंग' म्हणत आणि चांगल्या टचिंगवाल्याला फोटो काढणाऱ्याइतकाच मान असे. पुढे तांबडा रंगसुद्धा ओळखणारी फिल्म आली, ती विसाव्या शतकात हळूहळू सगळीकडे पसरली. रसायनाची अडचण संपली. पेन्सिल मात्र राहिली. सवय झाली होती, आणि गिऱ्हाईकही तेच मागत होतं.

साहेबाच्या वह्यांतही हीच तऱ्हा. विल्यम जॉन्सन या इंग्रजाने १८६३ आणि १८६६ साली मुंबईच्या जातीजमातींची दोन फोटो-पुस्तकं काढली. त्यात माणसांचे फोटो वेगळे काढले आणि मागची देखाव्याची जागा दुसऱ्याच फोटोतून आणून जोडली. माणूस एका उजेडात, देवळं-तळी दुसऱ्या उजेडात. आमच्या आतेच्या मागचं कारंजं काही नवं नव्हतं.

आणि सुंदर चेहरा कसा असतो हे लोकांना कुणी शिकवलं? राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली निघाला. लोणावळ्याजवळ मळवलीला जाण्याआधी तो काही काळ घाटकोपरला होता. भांडुपपासून तीन स्टेशनं. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती कोकणातल्या ओटीवरही लागल्या, आमच्याही लागल्या. त्या सगळ्या गोऱ्या. त्याच छापखान्यासाठी काम केलेले दादासाहेब फाळके आधी गोध्र्याला फोटोग्राफर होते. त्यांनी दादरला 'राजा हरिश्चंद्र' केला, १९१३ साली, तोही दिवसाच्या उजेडातच. तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके उभे राहिले. खाणावळीत काम करणारा माणूस तोंडाला रंग लावून राणी झाला, आणि लोकांनी मानली. उजेड आणि पावडर काय करू शकते याचा याहून मोठा दाखला नको.

तर काकाचं सांगत होतो. काका कारखान्यात फिटर. त्याच्याकडे आगफा क्लिक थ्री होता, बडोद्याला बनणारा, साधा डबा कॅमेरा. हप्त्याने घेतलेला. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल कधी 'इंदू'चा, म्हणजे उटीच्या सरकारी कारखान्यातला, कधी आणखी कुठला, मिळेल तो. कॅमेऱ्याला करायचं असं फार काही नाही. एक उन्हाची खूण, एक ढगाची खूण. दहा फुटांच्या आत माणूस आला की धूसर.

ती मंडळी गेल्यावर काका दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाय, रविवारी मी काढतंय तुझो फोटो." आजी म्हणाली, पैसे वाया. आते आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, "काढ. पण मी काळी आसंय, तर काळीच दिसांदे. मागसून कोणी फसवल्यानी म्हणूक नको."

काकाने आधीच्या रोलमध्ये चुका करून ठेवल्या होत्या, त्या उपयोगी पडल्या. दुपारी काढले तर डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. सकाळी काढले तर ऊन समोरून, सगळे डोळे मिचकावतात. घरात काढले तर काळोख. चाळीसच्या बल्बने काय होणार?

पण आमच्या डोंगराची एक गंमत होती. डोंगर पश्चिमेला, चाळी पूर्वेच्या उतरणीवर. त्यामुळे सूर्य बुडायच्या बराच आधी डोंगराआड जायचा. आमच्या चाळीवर सावली पडायची आणि समोर मात्र खाडीपर्यंतचं सगळं आभाळ अजून उजळ, मिठागरं पांढरी चमकत असलेली. ती वेळ अर्ध्या-पाऊण तासाची. बायका तेव्हा तांदूळ निवडायला पायरीवर बसायच्या, कारण तेव्हा खडा नीट दिसतो. काका म्हणाला, "जिथे तांदळातला खडा दिसता, थंयच माणूस दिसतलो." त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी आते पायरीवर बसली, तोंड खाडीकडे. नेहमीचं लुगडं. पावडर नाही. काकाने पाण्याचं रिकामं पिंप गल्लीच्या पलीकडे उपडं केलं आणि त्यावर कॅमेरा टेकवला, कारण ढगाच्या खुणेवर हात हलला की संपलं. मला पांढरी चादर धरून एका बाजूला उभं केलं. "जवळ... आणखी... हां." चादर जवळ आली की आतेच्या गालाखालची काळोखी कमी व्हायची, हे मीसुद्धा पाहिलं. काका पुन्हा पुन्हा वाकून तिच्या डोळ्यांत बघत होता. डोळ्यात आभाळाचा ठिपका दिसला पाहिजे, नाहीतर डोळा मेलेला दिसतो, असं त्याचं म्हणणं. शेजारची माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "सिनेमातली मॉडेल झाली आमची बाय!" आते हसू दाबत होती, तेवढ्यात काकाने कळ दाबली.

बारातले अकरा बिघडले किंवा साधे आले. एक हा. चेहरा निगेटिव्हवर लहान होता, तो मोठा करून घेताना थोडे कण उठले. पण व्रण जागच्या जागी, रंग जसाच्या तसा, आणि तरी चेहरा उजळ. उजळ आणि गोरा यातला फरक मला त्या दिवशी कळला.

तीन प्रती काढल्या. पहिली परतच आली नाही. दुसरी चिठ्ठीशिवाय परत आली. तिसऱ्या ठिकाणाहून माणसं आली, त्यांनी पोहे खाल्ले, फोटोकडे बघितलं, आतेकडे बघितलं. मुलाची आई म्हणाली, "फोटो बरो आसा." एवढंच. पण लग्न तिथेही जमलं नाही, हुंड्यावर अडलं. आते पुढच्या वर्षी दिली ती गावातच, फोटोबिटो न पाठवता. संसार केला, शेत केलं, दोन मुलगे वाढवले. तो फोटो तिने स्वतःच्या ट्रंकेत ठेवला होता. कुणाला दाखवायचा म्हणून नव्हे.

ती गेली २०११ साली. तेराव्याच्या आधी फोटो मोठा करायला मी तालुक्याच्या गावी गेलो. दुकानातल्या पोराने प्रत कॉम्प्युटरवर घेतली आणि मला न विचारता माउस फिरवायला लागला. व्रण गेला. गाल गुळगुळीत. रंग चढायला लागला. "जरा उजळ करतो काका, सगळेच करून घेतात." पोरगा चांगला होता. त्याच्या हातात पेन्सिलीऐवजी माउस होता, बाकी काम तेच.

मी म्हटलं, बाळा, थांब. आहे तसाच राहू दे.

त्याला वाटलं, पैशाचं आहे. "त्याचे वेगळे नाही घेत," म्हणाला.

मग मी त्याला सगळं सांगत बसलो. डोंगर, पिंप, चादर, पोहे. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्याने मुकाट्याने सगळं पहिल्यासारखं केलं, आणि छापायच्या आधी चेहरा मोठा करून स्क्रीनवर बघितला. म्हणाला, "डोळ्यात काहीतरी पांढरं दिसतंय. काढू?"

म्हटलं, ते भांडुपचं आभाळ आहे. ते ठेव.