तांब्यावर कोरलेली वंशावळ

वाकाटक राजांची वंशावळ आपल्या हाती येते ती मुख्यतः त्यांच्या दानपत्रांतून. गाव दान देताना आधी देणाऱ्याचे कूळ सांगायचे आणि मग गावाचे नाव, सीमा व अटी, असा रिवाज होता. बडनेऱ्याजवळच्या भातकुलीशी ज्याचे नाव जोडले जाते तो भोजकट प्रदेश याच लेखांत भेटतो.

भोजकटाचा उल्लेख असलेला चम्मकचा ताम्रपट अचलपूरजवळ १८६८च्या सुमारास शेत नांगरताना सापडला. दुसऱ्या प्रवरसेनाने आपल्या राज्याच्या १८व्या वर्षी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, मधुनदीकाठचे चर्मांक गाव एक हजार ब्राह्मणांना दिले, असे त्यात म्हटले आहे. हा काळ इसवी सनाच्या ५व्या शतकाचा. अक्षरांच्या डोक्यावर छोट्या चौकोनी पेट्या आहेत, म्हणून या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. मुद्रेवर प्रवरसेनाला राज्यलक्ष्मी ‘क्रमप्राप्त’ झाली असे कोरले आहे. वंशावळ कशासाठी लागते ते या एका शब्दात आले. गादी वारशाने आलेली असेल तरच राजाने दिलेले दान पुढच्या पिढ्या पाळणार.

वंशावळ सुरू होते चार अश्वमेध करणाऱ्या सम्राट पहिल्या प्रवरसेनापासून. त्याचा मुलगा गौतमीपुत्र गादीवर आला नाही, त्यामुळे नातू पहिला रुद्रसेन पुढे येतो. इथे लेखक थांबतो आणि रुद्रसेनाच्या आजोळाचे वर्णन करतो: तो भारशिवांच्या भवनागाचा दौहित्र, आणि ते भारशिव म्हणजे खांद्यावर शिवलिंग वाहणारे, भागीरथीच्या पाण्याने अभिषेक झालेले, दहा अश्वमेधांचे धनी. मग पहिला पृथिवीषेण, दुसरा रुद्रसेन आणि त्याची राणी प्रभावतीगुप्ता. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, हेही नोंदवायचे राहत नाही. आजोळ मोठे असेल तर ते सांगायचे, हा मोह इतरत्रही दिसतो. १५व्या शतकात सर्बियाच्या राजचरित्रकारांनी नेमान्यिच घराण्याचा संबंध रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या बहिणीशी जोडला. वाकाटकांचे सोयरे मात्र खरोखर मोठे होते.

प्रभावतीची स्वतःची दानपत्रे याहून बोलकी आहेत. पतीच्या मृत्यूनंतर ती अल्पवयीन युवराज दिवाकरसेनाच्या वतीने राज्य पाहत होती. तिच्या कारभाराच्या १३व्या वर्षाचा ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला असून तो पुढे पुण्यात मिळाला. त्यात वंशावळ सासरची नाही, माहेरची आहे: घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध, पण ती आपले गोत्र धारण असे सांगते. दक्षिणेतल्या राणीने लग्नानंतरही पित्याचे गोत्र लावून राज्य केले, ही गोष्ट किती विलक्षण आहे!

दिवाकरसेनाचे पुढे काय झाले ते लेख सांगत नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपूरच्या ताम्रपटात प्रभावती स्वतःला दामोदरसेन-प्रवरसेनांची आई म्हणवते. हे दोघे भाऊ की एकाच राजाची दोन नावे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या नंतरच्या पत्रांत वंशावळ दुसऱ्या रुद्रसेनावरून थेट त्याच्यावर येते. राज्य न केलेला युवराज यादीतून गळला.

मूळ पुरुष विंध्यशक्तीही या यादीत नाही. तो पुराणांत आणि अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातील लेखात सापडतो. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने ते लेणे कोरवले. हा लेख झिजलेला असल्याने नावांचा घोळ बराच काळ चालला. १९३९ मध्ये वाशीमला एक ताम्रपट मिळाला. त्यातली वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात आहे. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन आणि त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती, अशी वत्सगुल्म म्हणजे वाशीमची वेगळी शाखा त्यातून उलगडली. त्या आधारे वा. वि. मिराशींनी अजिंठ्याच्या लेखातले सर्वसेनाचे नाव निश्चित केले.