दिवा टांगणाऱ्याचे नाव

गेल्या रविवारी हॉलमधला जुना दिवा काढायला घेतला. लेकीने पितळेचा जाळीदार फानूस आणला होता, तो त्या जागी लावायचा होता. वीस मिनिटांचे काम समजून स्टुलावर चढलो आणि दुपार तिथेच गेली. बटण बंद होते, तरी होल्डरला टेस्टर लावताच तो पेटला. खुर्चीवर बसलेले मामू ओरडले, "अरे खाली उतर आधी! मेन स्विच पाड."

मामू जुने परवानाधारक वायरमन. दोष त्यांच्या लगेच लक्षात आला. घर बांधताना कुणीतरी बटण फेजवर टाकण्याऐवजी न्यूट्रलवर टाकले होते. अशा जोडणीत बटण दाबले की दिवा विझतो, पण वीज होल्डरपर्यंत येऊन थांबलेलीच असते. आम्ही वर्षानुवर्षे तिथला बल्ब बटण बंद करून निर्धास्त बदलत आलो होतो! शिवाय त्या पॉइंटला दोनच तारा होत्या, आणि धातूच्या फानूसला अर्थिंगची हिरवी तार हवीच. लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून नेलेल्या जुन्या तारांचे रबर बोट लागताच गळून पडत होते. सगळी लाईन नव्याने ओढायची ठरली.

तारा ओढता ओढता मामूंनी गावच्या मशिदीची गोष्ट काढली. सत्तरच्या दशकात गावात खांब आले. तोवर रमजानमध्ये तरावीहच्या नमाजाला गॅसबत्ती असे. बांगी तिला पंप मारून मारून घामाघूम होई आणि ऐन सजद्यात मेंटल फुटे. मशिदीतली पहिली वायरिंग मामूंनी केली. आज त्या मशिदीतल्या प्रत्येक पंख्याच्या पात्यावर, घड्याळावर, पाण्याच्या कूलरवर कुणा ना कुणा मरहूमच्या ईसाले सवाबसाठी दिल्याचे रंगवलेले आहे. मी विचारले, "मामू, तुमचे नाव आहे का कुठे?" ते हसले फक्त.

मला मदिनेतला एक गुलाम आठवला.

मस्जिदे नबवीत सुरुवातीच्या काळात उजेडासाठी खजुराच्या झावळ्या जाळत, असे रिवायतींत येते. इब्न माजा यांच्या हदीससंग्रहात अबू सईद खुदरी (रजि.) यांचे म्हणणे आहे, की मशिदीत दिवे लावणारे पहिले गृहस्थ तमीम दारी (रजि.). हे तमीम मूळचे शामकडचे, पॅलेस्टाईनचे. आधी ख्रिस्ती होते, हिजरी सन 9 च्या सुमारास इस्लाममध्ये आले. त्यांच्या मुलखातल्या गिरिजाघरांत तेलाचे टांगते दिवे होतेच. तीच रीत त्यांनी मदिनेत आणली. उजेड कुठल्या धर्माच्या घरातून आला, याची चौकशी कुणी केल्याचे मला तरी वाचनात आढळले नाही.

सहसा गोष्ट इथेच संपवली जाते. श्रेय तमीम यांना मिळते आणि ते योग्यच आहे. पण इब्न हजर अस्कलानी यांनी सहाबांच्या चरित्रकोशात आणखी एक नोंद घेतली आहे. प्रेषित मुहंमद (स.) यांनी विचारले, आपली मशीद कुणी उजळली? तमीम यांनी आपल्या गुलामाकडे बोट दाखवले. त्याचे नाव काय, हे प्रेषितांनी विचारले. उत्तर आले, फतह. त्यावर प्रेषितांनी त्याला नवे नाव दिले, सिराज. सिराज म्हणजे दिवा. दिवे ज्यांचे होते त्या तमीम यांनीही श्रेय स्वतःकडे ओढले नाही, हेही लक्षात घ्यावे.

खुद्द इब्न हजर कैरोचे. जन्म 1372 चा. त्या शहरात तेव्हा ममलूक सुलतानांचे काचेचे मशीददिवे लटकत होते. सुलतान हसनच्या मदरशाचे बांधकाम 1356 ला सुरू झाले, तिथल्यासाठीही असे दिवे घडवले गेले. फुगीर पोटाची काच, त्यावर मिनाकारी आणि सोन्याचे काम, साखळ्या अडकवायला कड्या. अनेकांवर सूरह नूरची पस्तिसावी आयत असे, जिच्यात कोनाड्यातल्या दिव्याची उपमा येते. आत वात पेटली की अक्षरांमधून उजेड झिरपे. पण त्याच काचेवर सुलतानाचे किंवा अमीराचे नाव आणि पदव्याही असत, अमीरांची बोधचिन्हेसुद्धा. घडवणाऱ्या कारागिराची सही मात्र क्वचितच सापडते. दिवे आता कैरो, लंडन, न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आहेत आणि तेल घालणारा, वात सारखी करणारा नोकर कोण होता, ते कुठल्याही काचेवर नाही. आमच्या गावच्या पंख्यांची परंपरा फार जुनी आहे म्हणायची!

जाता जाता शब्दांचे सांगतो. दिवाळीच्या आकाशकंदिलातला कंदील अरबी किंदीलवरून आला, आणि किंदीलचे मूळ ग्रीक-लॅटिन कँडेलापर्यंत जाते. मशालही अरबीच. मिनार हा शब्द नूरच्याच धातूचा, उजेडाची जागा.

संध्याकाळी फानूस टांगला. लाल तार बटणातून, काळी सरळ होल्डरला, हिरवी पितळेला. मगरिबच्या आधी मामूंना पुन्हा छेडले, की मशिदीत निदान एक पाटी लावून घेऊ.

"नाव आहे की माझे," ते म्हणाले. "मीटर घेताना टेस्ट रिपोर्टवर सही केली होती. ती फाइल एव्हाना रद्दीत गेली असेल. तू बटण बंद कर आणि होल्डरला टेस्टर लाव बघू परत."

लावला. पेटला नाही.