फीच्या पावतीवरील संघवर्गणी

महाविद्यालयाच्या फीच्या पावतीवर शिक्षण शुल्काखाली जिमखाना, विद्यार्थी संघ, नियतकालिक, विद्यार्थी साहाय्य निधी अशा ज्या किरकोळ रकमा छापलेल्या असतात, त्या मराठवाड्यातील विद्यार्थिजीवनाच्या अभ्यासकांनी बहुधा वगळल्या आहेत. वास्तविक, संस्थेने स्वतःच्या फीबरोबर विद्यार्थिमंडळाची वर्गणी वसूल करावी की नाही, आणि केली तर त्या पैशावर कोणाचा अधिकार, हा प्रश्न या रकमांतूनच उभा राहतो.

अमेरिकेत 1776 साली स्थापन झालेल्या ‘फाय बीटा कॅपा’पासून ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या बंधुमंडळांची, म्हणजे निवडक विद्यार्थ्यांच्या सदस्य-मंडळांची, परंपरा सुरू झाली, आणि पुढे काही महाविद्यालयांत अशा मंडळांची वर्गणी विद्यार्थ्याच्या खात्यावर, शिक्षण शुल्काच्या देयकातच, मांडली जाऊ लागली. महाराष्ट्रात असे बंधुमंडळ रुजले नाही. पावतीवर आली ती सर्वांसाठी असलेल्या जिमखान्याची, म्हणजे खेळ, वक्तृत्व आणि स्नेहसंमेलन सांभाळणाऱ्या मंडळाची वर्गणी. राजकीय विद्यार्थी संघटनांनी मात्र सदस्य नोंदवले ते स्वतःच्या पावतीपुस्तकावर.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील धर्माबादसारख्या गोदावरीकाठच्या गावातील मुलाला उच्च शिक्षणासाठी हैदराबादकडे पाहावे लागे. तेथे 1938 साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातील अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील कित्येकांनी नागपूर विद्यापीठाचा आश्रय घेतला. ज्या संस्थेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरच बंदी होती, त्या संस्थेच्या कार्यालयात विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र संघटनेची वर्गणी जमा होण्याची शक्यताच नव्हती. 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला डॉ. आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि महाविद्यालयीन फीची मांडणी या प्रदेशातील घरांच्या परिचयाची होत गेली.

या मांडणीतील सर्वांत मोलाची गोष्ट शिष्यवृत्तीच्या नियमांत आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 1944 मध्ये सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या, जिला विद्यार्थी ‘जीओआय’ म्हणतात, नियमांत नोंदणी आणि शिक्षण शुल्काबरोबर खेळ, युनियन, ग्रंथालय आणि नियतकालिक यांची सक्तीची फीही शासनाने द्यावी असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे शेतमजुराच्या मुलाची विद्यार्थी संघाची वर्गणी शासनाच्या तिजोरीतून भरली जाई. समूहजीवनात भाग घेणे हाही शिक्षणाचाच खर्च आहे, हे तत्त्व या नियमाने मान्य केले, आणि ते मान्य करण्यात मोठी दूरदृष्टी होती. कारण वर्गणी ऐच्छिक ठेवली असती, तर ज्याच्याजवळ पैसे नाहीत तोच प्रथम मंडळाबाहेर राहिला असता.

तथापि या तत्त्वाची दुसरी बाजू, म्हणजे वर्गणीच्या पैशावरील विद्यार्थ्यांचा अधिकार, अपुरी राहिली. 17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि धर्माबादचे लालबहादूर शास्त्री महाविद्यालय त्याच्या कक्षेत आले. परंतु त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाने विद्यार्थी परिषदेची थेट निवडणूक रद्द करून गुणवत्तेनुसार वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. हिंसाचाराच्या भयाने हा निर्णय झाला, हे खरे. पण वर्गणी सर्वांकडून सक्तीने घ्यायची आणि प्रतिनिधी मात्र मतांनी निवडू द्यायचा नाही, ही विसंगती त्यातून निर्माण झाली. ब्रिटनमध्ये त्याच 1994 सालच्या शिक्षण कायद्याने विद्यार्थ्याला संघाचे सदस्यत्व नाकारण्याचा अधिकार दिला, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्रकरणात सक्तीची फी वैध ठरवताना, तिचे वाटप कोणत्याही मताला झुकते माप न देता व्हावे, अशी अट घातली. महाराष्ट्रात 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने थेट निवडणूक कायद्यात परत आणली. 2019 मध्ये ठरलेल्या निवडणुका मात्र पुढे ढकलण्यात आल्या.