भर दिवसा दिसलेला तारा

गटाच्या बैठकीत आपण नेहमी म्हणतो, लिहिलं तेच राहिलं. आज एका ताऱ्याची गोष्ट सांगते, तीही लिहून ठेवल्यामुळेच आपल्यापर्यंत आली.

इसवी सन १०५४ च्या सुमारास चालुक्य आणि चोळ यांच्यात कोप्पमची लढाई झाली. चोळ राजा राजाधिराज तिथे हत्तीवरच मारला गेला. हे कोप्पम म्हणजे आपल्या शिरोळ तालुक्यातलं खिद्रापूर, असं काही इतिहासकार मानतात. काही जण ते कर्नाटकात दाखवतात. ही लढाई शिलालेखांत राहिली.

१०५४ च्याच जुलैमध्ये वृषभ राशीत, बैलाच्या शिंगाच्या टोकाजवळ, एक नवा तारा झळकला. २३ दिवस तो भर दिवसा दिसत होता, आणि रात्री जवळजवळ दोन वर्षं. चीनमधल्या दरबारी ज्योतिषांनी तारखेसह नोंद ठेवली, म्हणून आज आपल्याला हे माहीत आहे.

खरं तर तो नवा तारा नव्हता. एक मोठा तारा आयुष्य संपून फुटला होता. त्याचा गाभा आवळत आवळत वीसेक किलोमीटरचा गोळा झाला, म्हणजे आपल्या तालुक्याएवढा. पण वजन सूर्याहून जास्त! तो अजून सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेतो आणि रेडिओ लहरींपासून एक्स-रे, गॅमा किरणांपर्यंत सगळं फेकतो. हाड मोडल्यावर दवाखान्यात काढतात, तेच एक्स-रे. आभाळातून येणारे हे किरण आपल्यावरची हवा अडवते, म्हणून आपण सुखरूप आहोत.

असे गिरक्या घेणारे तारे असतात हे जगाला कळलं ते एका विद्यार्थिनीमुळे. १९६७ मध्ये इंग्लंडातल्या केंब्रिजला जोसलिन बेल दुर्बिणीच्या यंत्रातून निघणारा कागद तपासत असे, रोज सुमारे ३० मीटर. त्यात तिला एक बारीकशी खूण दिसली. तिने ती सोडली नाही. दर १.३ सेकंदाला येणारा तो ठोका अशाच एका ताऱ्याचा होता. १९७४ मध्ये या शोधाचं नोबेल मिळालं ते तिच्या मार्गदर्शकांना; तिचं नाव त्यात नव्हतं. २०१८ मध्ये तिला ३० लाख डॉलरचा दुसरा मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा तिने सगळी रक्कम विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला दिली.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी अशा ताऱ्यांच्या रेडिओ लहरी टिपतात. एक्स-रे टिपायला मात्र हवेच्या वर जावं लागतं. २८ सप्टेंबर २०१५ ला भारताने ॲस्ट्रोसॅट उपग्रह सोडला. त्यावरचा एक एक्स-रे कॅमेरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला, आणि पुण्याच्या आयुका संस्थेतले शास्त्रज्ञही त्या कामात होते. दीड वर्ष त्याने १०५४ च्या त्याच ताऱ्यावर पुन्हा पुन्हा नजर ठेवली. ताऱ्याचा झोत आपल्याकडे नसतो, त्या वेळेतही त्याच्या एक्स-रेचं रूप बदलतं, असं २०१७ मध्ये जाहीर झालं. जुन्या बऱ्याच सिद्धांतांत हे बसत नव्हतं.

जवळजवळ हजार वर्षांचा हा हिशेब नोंदींमुळेच जुळला. म्हणून मैत्रिणींनो, गटाची वही लिहिताना कामाबरोबर ते काम करणारीचं नावही लिहा. आणि घरातली मुलगी बारीकसारीक खुणा विचारत बसली, तर तिला गप्प करू नका.